शोधनिबंधात नसलेल्या गमरेबाई

गमरेबाई कुणाचंही दार लगेच वाजवत नसत. आधी दाराबाहेरच्या चपला बघत.

"काकांची चप्पल नाही. म्हणजे खाली बाकड्यावर बसलेत. उगाच बेल कशाला मारायची?" असं म्हणून आल्या पावली जिना उतरायला लागत. एकदा एका दारापाशी थबकल्या आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ही नवीन सँडल बघितलीत? मुलगी माहेरी आलीय. आज इथे बीपीचं विचारायचं नाही. पोरीला काळजी नको म्हणून आज सगळे खोटं बोलणार." आणि पुढच्या दाराकडे वळल्या.

मी त्यांच्या मागे, धापा टाकत, हातात नोंदी करायचा टॅब्लेट घेऊन. परळची चार मजली चाळ, तिच्या लांब गॅलऱ्या, बादल्या, कुंड्या, वाळत घातलेले कपडे. मी स्वतः गिरगावात, खोताच्या वाडीपासून दोन मिनिटांवरच्या चाळीत वाढले. त्यामुळे चाळ म्हणजे काय ते मला कळतं, असा माझा समज होता. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "तुम्ही कसल्या डॉक्टर? सुईच्या की कागदाच्या?"

"कागदाच्या," मी म्हटलं.

"बरं झालं. सुईच्या असत्या तर लोकांनी मला सोडून तुम्हालाच धरलं असतं."

तेव्हापासून मी त्यांची 'कागदाच्या डॉक्टर'. चाळीत ओळख करून देतानाही त्या तसंच सांगत आणि लोक हसून मला आत बसवत.

मी प्राध्यापक आहे. माझा विषय लोकांना सांगावा लागतो, नावावरून कळत नाही. दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर आहे, गोळ्या फुकट मिळतात, डॉक्टर चांगले आहेत. तरी माणूस गोळ्या मध्येच का सोडतो, आणि त्याने त्या सोडू नयेत म्हणून दवाखान्याने नेमकं काय करावं, हे शोधणं म्हणजे माझा विषय. सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही एक प्रयोग आखला. बीपी आणि शुगरच्या रुग्णांची महिन्याची औषधं संपायच्या तीन दिवस आधी त्यांच्या मोबाइलवर मराठीतून संदेश जायचा: तुमच्या गोळ्या संपत आल्या आहेत, दवाखान्यात या. प्रयोगासाठी परळचा एक दवाखाना मिळाला आणि दवाखान्यासोबत तिथल्या आरोग्य सेविका शशिकला गमरे मिळाल्या.

बाई तेव्हा पन्नाशीला आलेल्या. ठेंगण्या, घट्ट अंबाडा, खांद्याला कापडी पिशवी. राहायला वरळीच्या बीडीडी चाळीत. वडील गिरणीत होते. बाईंना नर्स व्हायचं होतं, पण गिरणी बंद पडली तेव्हा त्या दहावीत होत्या आणि शिक्षण तिथेच थांबलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही जिना चढताना, त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसला नाही. कामावर त्यांच्या पाच इमारती होत्या. कुणाला "जय भीम", कुणाला "काय वैनी, गुडघा काय म्हणतो?" असं करत त्या मजले चढत. कुणाच्या घरी कोण आजारी, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, कुणाकडे गेलं की चहा घ्यावाच लागतो, सगळं त्यांच्या डोक्यात असे.

तिसऱ्या मजल्यावर परबकाका राहायचे. मालवणकडचे, गिरणीतून निवृत्त, उंचेपुरे, आवाज खणखणीत. मी त्यांना प्रश्नावलीतला प्रश्न विचारला, "गेल्या आठवड्यात किती दिवस गोळी घेतली?"

"सातच्या सात," काका म्हणाले. मी टॅब्लेटवर सात टिपले.

"काका," गमरेबाई म्हणाल्या, "स्ट्रिप दाखवा."

काकांनी कपाटातून नवीकोरी भरलेली स्ट्रिप काढून दाखवली.

"भरलेली नको. रिकामी दाखवा."

आतून काकूंच्या हसण्याचा आवाज आला. मग काका स्वतःही हसले आणि म्हणाले, "गमरेबाई, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं." बाईंनी तिथेच बसून त्यांना पाण्याबरोबर एक गोळी घ्यायला लावली, आठवड्यात दोनच दिवस घेतली हे कबूल करून घेतलं, आणि मी माझे सात पुसून दोन केले.

"लोक वाईट नसतात हो," जिना उतरताना बाई म्हणाल्या. "समोरच्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणतात. माणूस पटकन हो म्हणाला की आपण परत विचारायचं."

रिकाम्या स्ट्रिपची ही गोष्ट मी पुढे वर्गात सांगितली. परदेशातल्या एका परिषदेतही सांगितली, इंग्रजीतून. सभागृह हसलं, टाळ्या झाल्या. ही युक्ती माझी आहे असं मी म्हटलं नाही. गमरेबाईंची आहे असंही म्हटलं नाही.

वर्षभराने आकडे हातात आले. आमच्या दवाखान्यातले रुग्ण दर महिन्याला वेळेवर गोळ्या न्यायला लागले होते, आणि तुलनेसाठी घेतलेल्या ज्या दवाखान्यात संदेश जात नव्हते तिथे पहिल्यासारखंच चाललं होतं. आम्ही पेढे वाटले. मग मी रुग्णांच्या मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ऐकायला बसले. आकड्यांना माणसांच्या तोंडची चार वाक्यं जोडली की शोधनिबंध चांगला होतो.

पहिल्या बाई म्हणाल्या, "मेसेज? तो मुलाच्या फोनवर जातो. तो अंधेरीला असतो." दुसरे गृहस्थ म्हणाले, "मला वाचता येत नाही, पण बाई येऊन सांगतात ना." तिसरे, चौथे, दहावे. कुणी मेसेज बघितला नव्हता, कुणी बघून पुसला होता. सगळ्यांच्या बोलण्यात एकच माणूस होतं. बाई येतात. बाई ओरडतात. बाई सांगून गेल्या म्हणून गेलो. संदेशांची एक यादी आम्ही दवाखान्यातही पाठवत होतो, आज कुणाकुणाला संदेश गेला त्याची. गमरेबाई ती यादी पिशवीत घालून मजले चढत होत्या. आमच्या प्रयोगात हे कुठेच धरलेलं नव्हतं. दुसऱ्या दवाखान्यात अशी यादीही नव्हती आणि अशी बाईही नव्हती.

मी दुसऱ्याच दिवशी परळला गेले आणि हसत हसत म्हटलं, "बाई, अहो मेसेज कुणी वाचतच नाही! सगळं तुम्हीच केलंत."

त्यांना यात नवल वाटलं नाही. "मग लिहा तसं," त्या म्हणाल्या.

"लिहिते ना."

मी लिहिलं नाही. शोधनिबंधात मी एक वाक्य घातलं: दवाखान्यातील कर्मचाऱ्यांनी नेहमीप्रमाणे सहकार्य केले. शब्दमर्यादा होती हे खरं आहे. सोपा, स्वस्त, कुठेही नेता येईल असा उपाय सापडला की तो छापला जातो, आणि एक कष्टाळू बाई सापडली तर छापली जात नाही, हेही खरं आहे. पण ही कारणं मी नंतर जुळवली. त्या वेळी मी एवढंच केलं, की मुलाखतींचा भाग 'पुढच्या निबंधासाठी' म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकला.

निबंध गाजला. मला बोलावणी येऊ लागली. आणि मग ती बैठक झाली.

लांब टेबल, एका टोकाला आरोग्य खात्याचे वरिष्ठ अधिकारी, बाजूला आम्ही संशोधक, भिंतीलगतच्या खुर्च्यांवर दवाखान्यांतले लोक. गमरेबाई मागच्या ओळीत बसल्या होत्या, इस्त्रीच्या साडीत. मी पडद्यावर आलेख दाखवले. अधिकाऱ्यांना ते आवडले. ते म्हणाले, "म्हणजे मोबाइलने काम होतंय. मग या बायकांना घरोघरी पाठवायची गरज नाही. त्यांना आपण दवाखान्यात संगणकावर नोंदी करायला बसवू. बरोबर ना, मॅडम?"

सगळे माझ्याकडे बघत होते. गमरेबाईही. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, हे मला स्पष्ट आठवतं. मी आता बोलणार, अशा खात्रीने त्या बसल्या होत्या.

मी म्हणाले, "डेटा चांगला आहे, सर."

वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच ते मला सुचलं. अधिकाऱ्यांनी मान डोलावली आणि बैठक पुढच्या विषयाकडे गेली.

बाहेर जिन्यापाशी बाई थांबल्या होत्या. "तुम्ही बोलाल असं वाटलं होतं," त्या म्हणाल्या.

"ही जागा नव्हती, बाई. मी नीट लेखी कळवते."

"बरं," त्या म्हणाल्या. मी पटकन हो म्हटलं होतं, पण त्यांनी मला परत विचारलं नाही.

पुढल्या महिन्यापासून घरभेटी बंद झाल्या. बाई दवाखान्याच्या मागच्या खोलीत संगणकापुढे बसू लागल्या. मी दुसऱ्या शहरातल्या कामात गुंतले. पाच-सहा महिन्यांनी एक दिवस आमच्या संस्थेच्या सुरक्षारक्षकाचा फोन आला, की कुणी गमरे म्हणून आल्या आहेत. माझ्याकडे पाहुणे होते, परदेशी. मी बाईंना बाहेर बसवायला सांगितलं. दीड तासाने बाहेर आले तेव्हा त्या बाकावर सरळ बसून होत्या. समोरच्या भिंतीवर आमच्या प्रकल्पाचं पोस्टर होतं, मोबाइल हातात धरलेल्या हसऱ्या म्हाताऱ्याचं. दीड तास त्या ते बघत बसल्या होत्या.

"परबकाका पडले," त्या म्हणाल्या. "उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं."

"अरे देवा. कधी?"

"मंगळवारी. दोन महिने गोळी नव्हती. काकूंना सांगायचे, घेतली म्हणून. मेसेज मुलाच्या नंबरवर, तो नंबरच त्याने बदललेला. मी खाली संगणकावर त्यांच्या नावापुढे गोळ्या न नेल्याची लाल खूण बघत होते. वर जायची परवानगी नाही." त्यांचा आवाज चढला नाही. "तरी एकदा गेले. सुटल्यावर. कुलूप होतं, चपला नव्हत्या. परत जायला हवं होतं, नाही गेले."

मी चहा मागवला. त्यांनी कपाला हात लावला नाही.

"मॅडम, माझं काम राहू दे. मला आता गुडघ्याने चढवतही नाही. पण कुणीतरी वर जायला पाहिजे. तुम्ही एक पान लिहा. खरं काय झालं ते. माझ्या बोलण्याला कोण विचारतंय? तुमच्या कागदाचं ऐकतील."

"लिहिते," मी म्हणाले. "या आठवड्यात लिहिते."

पुढच्या आठवड्यात माझी बढतीची मुलाखत होती. माझ्या कामाच्या यादीत सगळ्यात वर तोच निबंध होता. त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, शांत डोक्याने मी नवीन फाइल उघडली, 'प्रति,' एवढं टाइप केलं आणि बंद केली. मी प्राध्यापक झाले. बाईंचे दोन फोन आले, ते मी घेतले नाहीत. तिसरा आला नाही. परबकाका दीड वर्ष अंथरुणावर होते आणि मग गेले, हे मला दवाखान्यातल्या एका नर्सकडून उडत उडत कळलं. मी "फार वाईट झालं" म्हटलं आणि तिला दुसरं काहीतरी विचारलं.

गेल्या वर्षी दुसऱ्या राज्यातल्या एका तरुण संशोधिकेचं पत्र आलं. तिने माझा प्रयोग जसाच्या तसा करून बघितला होता. काहीच फरक पडला नव्हता. पत्र फार आदराने लिहिलेलं होतं. 'आमच्याकडून नेमकं काय चुकलं असेल, हे कृपया सांगाल का?' असा शेवटचा प्रश्न होता. ती स्वतःची चूक शोधत होती. मी ते पत्र तीनदा वाचलं आणि दार लावून बसले. मग त्या जुन्या फोल्डरमधल्या मुलाखती काढल्या, पुन्हा ऐकल्या, आणि ज्या नियतकालिकात निबंध आला होता त्याच्यासाठी दुरुस्तीचं पत्र लिहिलं. प्रयोगाचं यश संदेशांचं नव्हतं, शशिकला गमरे यांच्या घरभेटींचं होतं, आणि हे मी तेव्हा नमूद केलं नाही, असं स्पष्ट लिहिलं. नाव छापायला त्यांची परवानगी हवी होती. म्हणून वरळीला गेले.

जुनी चाळ पाडून झालेल्या टॉवरमध्ये, पंधराव्या मजल्यावर त्या राहत होत्या. केस पूर्ण पांढरे, हातात काठी. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसत होती. मला बघून त्यांनी आश्चर्य दाखवलं नाही, रागही नाही. "या, कागदाच्या डॉक्टर," म्हणाल्या. मी इतक्या वर्षांनी का आले ते सांगितलं, माफी मागितली, आणि पत्र मराठीत करून वाचून दाखवलं. खरं सांगायचं तर वाचताना मला थोडं हलकं वाटत होतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"माझं नाव चांगलं घातलंत," त्या म्हणाल्या. "परबकाका कुठायत यात?"

मी हातातलं पत्र पुन्हा वरपासून बघितलं.

"आणि मीटिंग? साहेबांनी विचारलं, तुम्ही टाळलंत. ते?"

"ते... शास्त्रीय नियतकालिकात तसं लिहीत नाहीत, बाई."

"बरं. परबकाकूंना भेटलात?"

"नाही."

"काका पडल्यापासून एकदाही?"

"नाही."

बाई काठी टेकून उठल्या. "मग माझ्याकडे आधी कशाला आलात? माझं काय गेलं होतं? खुर्चीत बसून पगार मिळत होता मला." त्यांनी आतून पिशवी आणली आणि पायांत चपला सरकवल्या. "चला. या वेळी काकू घरी असतात."

टॅक्सीत पत्ता त्यांनीच सांगितला. काकू आता लालबागला धाकट्या बहिणीकडे राहतात, तळमजल्यावर. बाईंना बघताच त्यांचा चेहरा उजळला. मला त्यांनी क्षणभर निरखलं आणि ओळखलं. "मोबाइलवाली गो ती! बस, बस बाय." बहीण चहा ठेवायला आत गेली. मला तो चहा नको होता, पण नको म्हणायचं तोंड नव्हतं.

मी सांगायला सुरुवात केली. इंग्रजी शब्द एकामागून एक गळून गेले, कारण त्या खोलीत त्यांचा उपयोग नव्हता. उरलं ते एवढंच: काकू, मेसेजने काही होत नव्हतं, बाई येत होत्या म्हणून काका गोळ्या घेत होते. हे मला माहीत होतं. बाईंचं येणं बंद करायचं का, असं मला विचारलं तेव्हा मी नको म्हटलं नाही. मोठं होण्यासाठी गप्प बसले.

काकूंना पहिल्यांदा कळलं नाही. त्यांनी गमरेबाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "खरं सांगतायत त्या."

काकू बराच वेळ मांडीवरच्या पदराच्या टोकाची घडी करत राहिल्या, मोडत राहिल्या. मला वाटलं, आता त्या रडतील, ओरडतील, मला बाहेर जायला सांगतील. टॅक्सीत मी त्याची तयारी केली होती.

"माका वाटायचां, माझांच चुकलां," त्या म्हणाल्या. "घरात आसान माका कळाक नाय. ते म्हणत, घेतलंय गोळी, आणि मी मान डोलवी. मुलगो अजून म्हणता, आये, तुझां लक्ष नव्हतां. गावच्या वाडीतली म्हणतत. मी रोज देवाकडे माफी मागतंय गो. रोज." मग त्यांनी माझा हात धरला. "म्हणजे माझां नव्हतां ना चुकलेलां?"

"नाही काकू. माझं होतं."

"परत सांग."

"तुमचं नव्हतं. माझं होतं."

त्यांनी मला ते आणखी एकदा सांगायला लावलं. मग बहिणीला बाहेर बोलावलं आणि तिच्यासमोर पुन्हा. मग म्हणाल्या, मुलाला फोन लावते, त्यालाही सांग. मी त्यालाही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि, "आईला द्या," एवढंच म्हटलं. काकू फोनवर बोलत होत्या तेव्हाही माझा हात त्यांच्या हातात होता. मला तो सोडवून घ्यावासा वाटत होता. इतकी वर्षं मी माझ्या निबंधाची लाज बाळगत होते, आणि काकू तेवढीच वर्षं माझा दोष स्वतःचा समजून रोज हात जोडत होत्या. हे माझ्या कोणत्याही दुरुस्तीच्या पत्रात आलं नसतं. मी इथे आले नसते तर मला कळलंही नसतं.

गमरेबाई खिडकीशी बसून चहा पीत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. काकूंचा फोन संपला तशा त्या म्हणाल्या, "साखर बेताची घेत जा काकू, मागच्या वेळी तुमची शुगर वाढलेली होती," आणि रिकामा कप खाली ठेवला.